पालकांची चिंता : पण कोणत्या पालकांची?

सहावी ते आठवीच्या वर्गात लॅपटॉप द्यावा की नाही, यावर शहरातले पालक हिरिरीने बोलतात. डोळे बिघडतात, अक्षर बिघडते, मूल गणित सोडून गेम खेळते. या तक्रारी खोट्या नाहीत. २०२३ साली युनेस्कोच्या अहवालाने वर्गातल्या तंत्रज्ञानाबद्दल सावध केले आणि स्वीडनच्या सरकारने पुन्हा छापील पाठ्यपुस्तकांसाठी पैसा काढला. पण चाकूर तालुक्यातल्या आमच्या वस्त्यांमध्ये पालकांशी बोलताना वेगळेच कानावर पडते. "लेकराच्या हातून फुटलं तर आमच्याकून भरून घेतील का?" हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न बहुतेक वेळा आईच विचारते : आमच्या लेकीला त्याला हात लावू देतील का, का तो कपाटातच राहील?

हा दुसरा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारला म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने काय ठरवले? न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य केले आणि प्रवेश मात्र नाकारला. कारण काय, तर एका मुलासाठी शाळा बाकीच्यांना निरुपयोगी होईल. म्हणजे सवर्ण पालक आपली मुले काढून घेतील, ही भीती. आमच्या वाचनात 'पालकांची चिंता' सरकारी धोरण ठरल्याचे हे फार जुने उदाहरण आहे. त्या महार मुलालाही आईबाप होते. त्यांची चिंता कुणी मोजली नाही. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत असे कळवले, पण कागद लंडनहून आला म्हणून गावातली शाळा बदलत नसते. १८८२ साली महात्मा फुल्यांना हंटर आयोगापुढे हेच सांगावे लागले की महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत म्हणून ती शाळेबाहेरच आहेत. शेतकऱ्याच्या करातून वरच्यांचे शिक्षण चालते, हा त्यांचा हिशेबही त्याच निवेदनात आहे. लॅपटॉपची खरेदी कोणाच्या पैशातून होते आणि तो कोणाच्या मांडीवर जातो, हे विचारताना तो हिशेब जवळ ठेवावा.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तेव्हा वर्गातली मुले धावली आणि फळ्यामागे ठेवलेले डबे तिने बाजूला केले. फळा हे त्या काळचे वर्गातले साधन. भांडण फळ्याच्या गुणदोषांचे नव्हते, त्याच्याजवळ कोण जातो याचे होते.

आपला चाकूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सरकारी शाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा १९२३ चा बोले ठराव मुंबई इलाख्याचा, इथे त्याचा उपयोग नव्हता. शिवाय वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून, म्हणजे दारात आणखी एक अडसर. म्हणून १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या पिढीला पहिल्यांदा मोठी वाट मिळाली. त्यांनी आधी शिक्षक, ग्रंथालय आणि वसतिगृह यांचा विचार केला, हे विसरू नये.

आता लॅपटॉपचा स्वतःचा इतिहास. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतून निघालेली योजना २००६ मध्ये आपल्या केंद्रीय शिक्षण खात्याने नाकारली. शिक्षक आणि वर्गखोल्या अधिक निकडीच्या आहेत, असे कारण दिले. तरी २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग झालाच. ती पहिली ते चौथीची शाळा होती, पण प्रश्न तोच. पेरू देशात मात्र ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. २०१२ मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला : यंत्रे मुलांपर्यंत पोचली, गणित आणि भाषेचे गुण वाढले नाहीत.

यावरून काही मंडळी लगेच म्हणतील, मग गरिबांच्या मुलांना लॅपटॉप हवाच कशाला? हे आम्हाला मान्य नाही. ज्यांच्या घरात दोन लॅपटॉप आहेत त्यांनी शाळेतल्या तिसऱ्याला विरोध करणे वेगळे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलीला संगणक भेटला तर शाळेतच भेटणार. टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर गेला, तेव्हा एकाच फोनवर आधी भाऊ बसला आणि बहिणीची पाळी आलीच नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही तेवढाच आहे. शिक्षकाची जागा रिकामी ठेवायची आणि पडद्यावर पाठ लावून द्यायचा, ही स्वस्तातली सोय आपल्याच शाळांत आधी येते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. लॅपटॉप त्या तिघांपैकी कोणीही नाही.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. आपल्या वस्तीतून तिथे कोण आहे, हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? अनेकदा नाव आपल्या बाईचे असते आणि सही घरपोच नेली जाते. येत्या बैठकीला त्या ताईंसोबत जा. यंत्रे किती आली, कपाटाची किल्ली कोणाकडे, मुलींना आठवड्यात किती तास मिळतात, मोडतोड झाली तर भरपाई कोण देणार आणि विज्ञान-गणिताचा शिक्षक कधी येणार, हे पाच प्रश्न त्यांना विचारू द्या आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या.