स्कूनची राजशिळा

स्कॉटलंडमधील पर्थ शहराजवळच्या स्कून या ठिकाणी मध्ययुगात स्कॉट राजांचे राज्यारोहण होत असे, आणि त्या विधीत मुकुटापेक्षा राजाला एका शिळेवर बसवण्याला अधिक महत्त्व होते. सुमारे 66 सेंटिमीटर लांब आणि 152 किलो वजनाची ही शिळा साध्या वालुकाश्माची असून तिच्यावर छिन्नीचे घाव आणि एक ओबडधोबड क्रूस दिसतो, तर तिच्या दोन्ही टोकांना लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत. भूवैज्ञानिकांच्या तपासणीत हा दगड स्कूनच्याच परिसरातील खडकाशी जुळणारा ठरला आहे. म्हणजे शिळेचे मूळ स्थानिक आहे आणि तिला लाभलेली थोर वंशावळ मागाहून जोडलेली आहे.

1249 मध्ये सात वर्षांचा तिसरा अलेक्झांडर गादीवर आला, तेव्हा उमरावांनी त्याला स्कून येथे राजासनावर बसवले आणि एका भाटाने गेलिक भाषेत त्याची पूर्वजमालिका म्हणून दाखवली. इंग्लंडच्या राजांना राज्याभिषेकात पवित्र तेलाचे विलेपन होत असे. स्कॉट राजांनी मागणी करूनही पोपने तो अधिकार त्यांना दिला नव्हता आणि इंग्लिश दरबाराचाही त्याला विरोध होता. त्यामुळे स्कॉट राजपदाला मान्यता मिळे ती मुख्यतः राजासन, उमरावांची संमती आणि वंशावळीचे पठण यांतून.

अलेक्झांडर 1286 मध्ये आणि त्याची वारस असलेली नात मार्गारेट 1290 मध्ये मरण पावल्यावर गादीवर अनेकांनी हक्क सांगितला. निवाड्यासाठी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला पाचारण झाले. त्याने आधी स्वतःचे अधिराज्य मान्य करून घेतले आणि 1292 मध्ये जॉन बॅलिअल याच्या बाजूने निकाल दिला. बॅलिअल स्कूनला राजासनावर बसला खरा, पण काही आठवड्यांतच त्याला एडवर्डचा मांडलिक म्हणून निष्ठेची शपथ घ्यावी लागली. पुढे स्कॉट पक्षाने फ्रान्सशी तह केला, तेव्हा एडवर्डने 1296 मध्ये स्वारी करून बॅलिअलला पदच्युत केले आणि ही शिळा उचलून लंडनला नेली.

वेस्टमिन्स्टर ॲबी या मठात शिळा ठेवण्यासाठी एडवर्डने प्रथम कांशाची खुर्ची करायला सांगितली होती. तो बेत सोडून नंतर ओकच्या लाकडाची खुर्ची घडवण्यात आली आणि तिच्या बैठकीखाली शिळेसाठी कप्पा ठेवला गेला. पुढे इंग्लंडचे राजे याच खुर्चीवर अभिषिक्त होऊ लागले, त्यामुळे जिंकून आणलेली वस्तू विजेत्याच्याच विधीचा भाग बनली.

शिळेच्या दिव्य उत्पत्तीची कथाही स्कॉटलंडवरील अधिराज्याच्या वादात राजकीय शस्त्र बनली. 1301 मध्ये पोपच्या दरबारात स्कॉट पक्षाची बाजू मांडताना बॉल्ड्रेड बिसेट याने असे प्रतिपादन केले की, इजिप्तच्या फारोची कन्या स्कोटा हिने हे राजासन आपल्याबरोबर आणले आणि एडवर्डने ते बळाने नेले. एडवर्डने त्याच सुमारास पोपला लिहिलेल्या पत्रात ट्रॉयच्या वंशातील ब्रूटसपासून आपला हक्क सांगितला होता. तेव्हा इंग्लंडशी कोणताही संबंध नसलेले प्राचीन मूळ दाखवणे ही स्कॉट पक्षाची गरज होती. बायबलमधील याकोबाने उशाला घेतलेला दगड तो हाच, ही समजूतही पुढे रूढ झाली.

शिळा नेल्याने परंपरा मात्र खंडित झाली नाही. 1306 च्या मार्चमध्ये रॉबर्ट ब्रूसने शिळेविनाच स्कून येथे राज्यारोहण केले, आणि राजाला आसनावर बसवण्याचा फाइफच्या घराण्याचा वंशपरंपरागत हक्क त्या घराण्यातील बकनची काउंटेस इझाबेला हिने बजावला. त्याबद्दल एडवर्डने तिला बेरिक येथे पिंजऱ्यात कोंडले. 1328 मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात झालेल्या तहानंतर इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने शिळा परत करण्याचा हुकूम काढला, पण तो अमलात आला नाही. पुढच्या वर्षी पोपने तेलविलेपनाचा अधिकार मान्य केला आणि 1331 मध्ये दुसरा डेव्हिड हा तसा अभिषेक झालेला पहिला स्कॉट राजा ठरला, त्यामुळे शिळेवाचूनही राजपदाला धार्मिक अधिष्ठान मिळाले.

स्कॉट गादीवरचा सहावा जेम्स 1603 मध्ये इंग्लंडचाही राजा झाला आणि वेस्टमिन्स्टरला शिळा असलेल्या त्याच खुर्चीवर अभिषिक्त झाला. शिळा 1996 मध्ये एडिनबरोला परतली व 2024 पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. मात्र पुढील प्रत्येक राज्याभिषेकासाठी ती वेस्टमिन्स्टरला पाठवावी, ही अट शिळा परत देतानाच घातली गेली असल्याने 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकाच्या वेळी ती एडवर्डच्या त्याच खुर्चीत पुन्हा बसवण्यात आली होती.