बुटांचं कपाट

मुलाकडे शिकागोला गेलो होतो तेव्हा त्याने तिथलं विज्ञान आणि उद्योगाचं म्युझियम दाखवलं. तिथे 'पायोनियर झेफर' ही स्टेनलेस स्टीलची चकचकीत गाडी जपून ठेवली आहे. २६ मे १९३४ रोजी हिने डेन्व्हर ते शिकागो हे हजार मैलांहून जास्त अंतर वाटेत न थांबता तेरा तासांच्या आसपास कापलं. डबे तीनच, पण वातानुकूलित! आम्ही भावंडं तिसऱ्या वर्गात ट्रंकेवर बसून प्रवास केलेली. माझा पाय काही तिथून निघेना.

मग घरी येऊन वाचत बसलो. १९४९ साली शिकागो ते ओकलंड अशी 'कॅलिफोर्निया झेफर' सुरू झाली. तिला काचेच्या घुमटाचे पाच डबे होते, त्यांना 'व्हिस्टा-डोम' म्हणत. (२०१७ साली आपल्या दादर-मडगाव जनशताब्दीला लागलेल्या डब्याचं नाव आठवलं ना?) वेळापत्रकच असं आखलेलं की रॉकी पर्वत दिवसाउजेडी यावा. न्यूयॉर्क-शिकागोच्या 'ट्वेंटिएथ सेंचुरी लिमिटेड'साठी तर फलाटावर लाल गालिचा अंथरत, आणि गाडीत न्हावीसुद्धा असे.

पण माझं मन अडकलं ते एका लहानशा गोष्टीत. एका माणसाच्या झोपण्याच्या खोलीत, म्हणजे 'रूमेट'मध्ये, बुटांचं छोटं कपाट असे. त्याला दोन दारं. एक आत, एक बोळात. रात्री बूट ठेवायचे, सकाळी पॉलिश केलेले घ्यायचे. पॉलिश करणारा दिसायचाही नाही.

तो असे पुलमन कंपनीचा पोर्टर, बहुधा कृष्णवर्णीय. त्याचं नाव काही असो, कित्येक प्रवासी त्याला 'जॉर्ज' म्हणत. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा नोकरही जॉर्ज! ही गुलामगिरीच्या काळातली रीत. या पोर्टरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. कंपनीने करारावर सही करायला १९३७ साल उजाडलं.

प्रवासी कृष्णवर्णीय असला तरी सुटका नव्हती. १९४२ साली एल्मर हेंडरसन हे सरकारी नोकर कामानिमित्त दक्षिणेकडे निघाले होते. जेवणाच्या डब्यात पडद्यामागची जी टेबलं त्यांच्यासाठी, तिथे गोरे प्रवासी बसलेले. जागा झाली की बोलावतो, असं सांगितलं गेलं. बोलावणं आलंच नाही, आणि रात्री तो डबा गाडीपासून सुटला. हेंडरसन लढले. १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पडदा बेकायदा ठरवला.

पस्तीस वर्षं मी शाळेत हजेरी घेतली. मुलाचं नाव चुकलं तर तो कसा खट्टू होतो, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या शाळेच्या शिपायाला सगळे 'मामा' म्हणत, मीही. माझा डबा, छत्री, पेपरांचे गठ्ठे त्यांनीच सांभाळले. ते निवृत्त झाले तेव्हा भेटीच्या पाकिटावर नाव लिहायला बसलो, आणि ऑफिसात जाऊन विचारावं लागलं. 'मामा' हा मायेचा शब्द, 'जॉर्ज'सारखा नव्हे, असं मी मनाला समजावतो. पण मन काही पुरतं ऐकत नाही.

असो. तुमच्याकडच्या मामांचं नाव तुम्हाला माहीत आहे ना?