आजीच्या आईचं नाव

‘मनी मायनं नाव सापडनं का रे?’ आजीने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

मी दोन दिवस धुळे-जळगाव पालथं घालून आलो होतो. चुलतभावाच्या जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. आमचं गाव एरंडोल तालुक्यात, म्हणजे आज जळगाव जिल्ह्यात. पण १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता आणि कारभार धुळ्यातून चालायचा. म्हणून दोन्हीकडे चकरा.

खापरपणजोबा सापडले. सर्व्हे नंबर, आकार, खातेदाराचं नाव, सगळं मोडीत. मोडी वाचणाऱ्या काकांनी त्या नावावर बोट ठेवलं, तेव्हा अंगावर काटा आला.

गंमत बघा. १८५२ मध्ये खानदेशातल्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या जमीन मोजणीलाच विरोध केला होता. सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात लोक मोठ्या संख्येने जमले. सरकारला फौज आणावी लागली. मोजणी झाली की सारा वाढणार, ही भीती होती. जी मोजणी त्यांना नको होती, तिच्याच कागदांत आज आपण आपले पूर्वज शोधतोय.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर या डेटाबेसची प्रायमरी की माणूस नाही, जमीन आहे. सारा कोण भरणार, एवढंच सरकारला हवं होतं. मग बिनजमिनीचा सालदार कुठे दिसणार? आणि घरातली बाई? कोतवाल बुकातली आमच्या घरातली एक जन्मनोंद मिळाली: बापाचं नाव, जात आणि पुढे फक्त ‘मुलगी’. तिचं नाव नाही, तिच्या आईचंही नाही.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये फ्रेंच वंशाची माणसं चर्चच्या नोंदवह्यांतून सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. तिथे बाईची नोंद लग्नानंतरही माहेरच्या आडनावाने व्हायची. त्यामुळे आईची आई, तिची आई असंही मागे जाता येतं. चर्चला बाप्तिस्मे आणि लग्नं मोजायची होती, इथल्या सरकारला शेतं.

‘नाही सापडलं,’ मी म्हणालो. ‘तुला आठवतं का?’

‘माले माहीत शे रे. कागदवर शे का, ते इचारं.’

मग तिने आईचं नाव सांगितलं, आईच्या आईचंही. मी दोन्ही शीटमध्ये भरली. पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: आजी, फोनवर.