गंधक-गटातील मूलद्रव्यांचे बहुअणुक धनायन

आवर्तसारणीच्या १६व्या गटातील गंधक, सेलेनियम व टेल्युरियम यांचे अनेक अणू परस्परांशी जोडले जाऊन बनलेल्या धनप्रभारित आयनांना बहुअणुक धनायन म्हणतात. हे धनायन तीव्र इलेक्ट्रॉनस्नेही असल्याने पाणी व आम्लारी यांच्या सान्निध्यात टिकत नाहीत. त्यामुळे त्यांच्या निर्मितीत माध्यमाची निवड निर्णायक ठरते.

इतिहास

टेल्युरियम संहत सल्फ्यूरिक अम्लात विरघळल्यावर लाल द्रावण मिळते, हे मार्टिन क्लापरोट यांनी १७९८ मध्ये नोंदवले. गंधकाची सधूम सल्फ्यूरिक अम्लातील निळी द्रावणे व सेलेनियमची हिरवी द्रावणेही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ज्ञात होती. मात्र या रंगांमागील धनायनांची ओळख १९६० च्या दशकात पटली. त्यात कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे रोनाल्ड गिलेस्पी व त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

निर्मिती

सेलेनियमची पूड संहत सल्फ्यूरिक अम्लात तापवल्यास आठ अणूंचा, दोन धनप्रभार असलेला हिरवा धनायन तयार होतो व सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. अधिक ऑक्सिडीकरण झाल्यास चार अणूंचा पिवळा धनायन मिळतो.

शुद्ध स्फटिकी क्षारांसाठी द्रवरूप सल्फर डायऑक्साइडमध्ये आर्सेनिक पेंटाफ्लुओराइड वापरतात. गंधकाच्या आठ अणूंच्या एका रेणूमागे त्याचे तीन रेणू लागतात. त्यांपैकी एकाचे क्षपण होऊन आर्सेनिक ट्रायफ्लुओराइड बनते, तर उरलेल्या दोहोंपासून हेक्साफ्लुओरोआर्सेनेट हे ऋणायन तयार होतात. हे ऋणायन इलेक्ट्रॉन सहज देत नसल्यामुळे धनायन टिकून राहतो.

टेल्युरियमसाठी वितळलेल्या क्षारांची पद्धतही वापरतात. टेल्युरियम टेट्राक्लोराइड, टेल्युरियम व ॲल्युमिनियम क्लोराइड १:७:४ या मोल-प्रमाणात तापवल्यास चार अणूंच्या धनायनाचा टेट्राक्लोरोॲल्युमिनेट क्षार मिळतो.

संरचना

चार अणूंचे धनायन समतल चौरसाकृती असतात. त्यांतील सहा पाय-इलेक्ट्रॉन संपूर्ण वलयावर विखुरलेले असल्याने त्यांना ॲरोमॅटिक मानतात. सेलेनियमच्या चौरसात दोन लगतच्या अणूंतील अंतर सुमारे २२८ पिकोमीटर, म्हणजे एकबंधापेक्षा कमी असते. गंधकाच्या आठ अणूंच्या धनायनात वलय दुमडून समोरासमोरील दोन अणू सुमारे २८३ पिकोमीटर इतके जवळ येतात व त्यांच्यात क्षीण बंध निर्माण होतो.

हाताळणी

सल्फर डायऑक्साइडचा उत्कलनबिंदू −१० °से. असल्यामुळे अभिक्रिया थंड ठेवलेल्या किंवा बंद काचपात्रात, आर्द्रतारहित वातावरणात करतात. आर्सेनिकची फ्लुओराइडे अत्यंत विषारी असून ओलाव्याशी संपर्क आल्यास त्यांपासून दाहक हायड्रोजन फ्लुओराइड निर्माण होतो. सेलेनियमच्या हिरव्या द्रावणात पाणी मिसळल्यास धनायनाचे विघटन होऊन लाल सेलेनियमचा साका खाली बसतो.