लाजवर्द घेऊन आलेला माणूस

अजिंठ्याला वाघोरा नदीचं पात्र ओलांडून वर चढू लागलात की आधी छिन्नीचे घाव ऐकू येतात. तिकीटखिडकी नाही, कठडे नाहीत, माकडं मात्र आहेत. साल इ.स. ४७०च्या आसपासचं. वत्सगुल्माला, म्हणजे आपल्या वाशीमला, वाकाटक हरिषेण राज्य करतो आहे आणि त्याचा अमात्य वराहदेव इथे एक विहार खोदवून घेतो आहे. पुढे त्यालाच लोक सोळा नंबरचं लेणं म्हणतील. शेजारी भिंतींवर माती, तूस आणि काड्यांचा गिलावा चढतो आहे. तो बसला की वर चुन्याचा पातळ हात फिरेल आणि मग चित्रकार येतील.

वर्षावास संपला आहे, वाटा सुकल्या आहेत. ओसरीत एक परदेशी बसला आहे: टोकदार टोपी, दाढी, पायांत पट्ट्यांचे मोजे. असे चेहरे तुम्ही पाहिले आहेत. पहिल्या लेण्याच्या छतावर पेले घेऊन बसलेली मंडळी अशीच दिसतात. त्यानं फडकं सोडून निळे खडे मांडले आहेत. हा बदख्शानच्या डोंगरातला लाजवर्द. अजिंठ्याच्या चित्रांतला दाट निळा रंग याच दगडाचा. इराणातून गलबतानं कल्याण, तिथून नाणेघाट, जुन्नर, पैठण करत तो इथवर आला आहे. आणि त्याच्या गळ्यात क्रूस आहे.

तुम्ही चमकता. पोर्तुगीज यायला अजून हजार वर्षं आहेत. या माणसाची नोंद कुठल्याच शिलालेखात नाही, त्याला मीच इथे बसवला आहे. पण त्याचा माल, त्याची वाट आणि त्याचा धर्म, तिन्ही खरे.

संध्याकाळी तो एका वृद्ध भिक्खूपुढे खजूर ठेवतो. मध्यान्ह टळून गेली आहे, आता खायचं नाही, म्हणून भिक्खू हसून ते बाजूला सारतात आणि क्रूसाकडे बोट करतात. "सार्थवाह, हे काय?"

"माझ्या प्रभूला यावर मारलं, भंते."

तुमच्या कल्पनेत धर्मचर्चेची सुरुवात तत्त्वज्ञानानं होत असेल. हा माणूस मात्र एका फाशीची हकीकत सांगत सुटतो. एकच देव, त्यानं सगळं निर्माण केलं. माणूस त्याच्यापासून दुरावला. मग देवाचा पुत्र मरियेच्या पोटी माणूस होऊन जन्मला, रोमन सुभेदार पिलाताच्या अमलात क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. तो पुन्हा येईल, मेलेले उठतील आणि सगळ्यांचा न्याय होईल.

"पिता देव, पुत्रही देव. म्हणजे देव दोन?"

"पवित्र आत्मा धरला तर तुम्ही तीन म्हणाल, भंते. पण देव एकच."

यावर त्याच्याकडे सोपं उत्तर नाही, आणि त्याच्या धर्मगुरूंकडेही नव्हतं. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा, हे ३२५ साली नायसियाच्या परिषदेत ठरवावं लागलं. पुत्रातला देव आणि माणूस यांचा मेळ कसा, यावर ४३१ साली इफिससला आणि ४५१ साली कॅल्सिडनला कडाक्याचे वाद झाले. इराणातल्या ख्रिस्ती मंडळींनी नायसियाचा निर्णय ४१० साली स्वीकारला. नंतरच्या भांडणात त्यांचा मार्ग वेगळा झाला. ते सोडून द्या. भिक्खूंची खरी अडचण निराळीच आहे.

"सृष्टीला कर्ता हवाच कशाला, हे मला पटत नाही. पण ते असू दे. शिबी राजानं पारव्यासाठी आपलं मांस कापून दिलं, ती कथा आमच्या भिंतींवर आहे. तुझ्या प्रभूनं देह दिला, हे मला समजतं. पण एकाचं पाप दुसरा कसा फेडेल? ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं."

"भोगून फिटणारं नव्हतं, म्हणूनच तो आला. आम्ही कमावलं नाही, आम्हाला दिलं गेलं. पाण्यात बाप्तिस्मा घेतला, भाकर मोडली, द्राक्षारस प्यायलो. बाकी सगळं त्यानं केलं."

"आणि पुन्हा जन्म?"

"नाही. एकच जन्म, एकच मरण, मग पुनरुत्थान."

भिक्खू बराच वेळ गप्प राहतात. बोधिसत्त्वाला बुद्ध व्हायला असंख्य जन्म लागले. इथे सगळा निकाल एका शुक्रवारी आणि एका रविवारी. माझ्या मते ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा नेमका इथे आहे. येशूचा उपदेश कितीही थोर असो, ही श्रद्धा आधी एका घटनेवर उभी आहे. ख्रिस्त उठलाच नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौलानंच करिंथकरांना बजावलं होतं. म्हणून तर ख्रिस्ती लोकांच्या मतांगीकारात एका सुभेदाराचं नाव येतं: हे अमुक माणसाच्या कारकिर्दीत घडलं, असं त्यांना ठासून सांगायचं असतं.

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म साहेबाबरोबर आला, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. पण सहाव्या शतकातच कॉस्मस नावाच्या ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे की कल्लियाना या बंदरात ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात.