दोष लाइनचा नव्हता

मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने इंटरनेट सुरू केलं आणि लॅमिंग्टन रोडवर मोडेमला भाव आला. मी तेव्हा पीसी दुरुस्त करायचो. पुढे २८,८०० बीपीएसचे एक्स्टर्नल मोडेम जुन्या पीसींना लागू लागले, आणि गिऱ्हाइकांची एकच रड सुरू झाली: "लाइन खराब आहे हो, डाउनलोड सारखं अडतंय." लाइन खराब असायचीच. पण सगळं पाप तिचं नव्हतं.

गोम पीसीच्या, मोडेम जोडायच्या सिरियल पोर्टात होती. १९८१च्या आयबीएम पीसीत त्यासाठी ८२५० चिप होती, १९८४च्या एटीत १६४५०. दोघींतही आलेला एकच बाइट थांबू शके. प्रोसेसरने तो उचलायच्या आत पुढचा आला, की आधीचा गेला. २४०० बीपीएसला काही बिघडत नसे. नवे मोडेम मात्र डेटा दाबून पाठवत, त्यामुळे पोर्ट ५७,६००वर ठेवावा लागे. बाइटमागे दहा बिट धरले, तर दर १७४ मायक्रोसेकंदांना एक बाइट दारात हजर! तेवढ्यात विंडोज ३.१ डिस्कवर काही लिहायला गेलं, की झालंच. मोडेममधली चूकदुरुस्ती समोरच्या मोडेमपुरती. पीसीच्या उंबऱ्यावर सांडलेल्या बाइटची त्याला खबरही नसे.

यावर इलाज १६५५०ए. हिच्यात सोळा बाइटांची रांग. मूळ १६५५०ची रांग सदोष होती, म्हणून विकत घेताना 'ए' आहे ना, हे आधी बघायचं. पोर्ट असलेल्या जुन्या आयओ कार्डावर चिप सॉकेटात असली तर नशीब, कारण पाय जुळायचे. बारीक स्क्रूड्रायव्हर दोन्ही टोकांखाली आळीपाळीने, हलकेच सरकवायचा. एकाच बाजूने उचकटली, तर चाळीसपैकी दोन-चार पाय वाकलेच म्हणून समजा. नवी बसवताना खाच त्याच बाजूला. चिप सोल्डर केलेली असेल तर सरळ नवं कार्ड, आणि जुना पोर्ट जंपरने बंद. मग डॉसमधून एमएसडी हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवून गिऱ्हाइकाला चिपचं नाव दाखवायचं. मोडेमला हजारो मोजलेला माणूसही या चिपवरून घासाघीस करायचा!

इंटर्नल मोडेमवर ही चिप मुळातच असायची, त्यामुळे तिथे ही कटकट कमी. तरी मी एक्स्टर्नलच सुचवायचो. त्याचे दिवे दिसतात: आरडी, म्हणजे डेटा येत असल्याचा दिवा, लखलखतोय आणि फाइल मात्र पुन्हापुन्हा तोच तुकडा मागतेय, तर टेलिफोनवाल्यांना शिव्या घालण्याआधी पीसीचं झाकण उघडावं.