गंधशास्त्र आणि त्याची मराठी टीका

अत्तर म्हटलें कीं कनोज किंवा मोगल दरबार डोळ्यांपुढें येतो. गुलाबाच्या अत्तराच्या शोधाचें श्रेय जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत नूरजहानच्या मातोश्रीस दिलें आहे. पण गंधयुक्ति हें शास्त्र आपल्या देशांत त्याहून फार जुनें. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत त्यास स्वतंत्र अध्याय दिला, आणि सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० प्रकार होतात, असा हिशेबही मांडला. पुढें इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें मानसोल्लासांत स्नान, विलेपन व धूप यांची गणना राजाच्या उपभोगांत केली.

हें सर्व संस्कृतांत झालें. मग मराठी माणसाचा या शास्त्राशीं संबंध कोणता? याचें उत्तर कोंकणच्याच एका सुपुत्रानें दिलें. देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे अभिरक्षक (क्युरेटर). त्यांस एका पोथींत गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्यासोबत ‘गंधवाद’ हा ग्रंथ मराठी टीकेसह मिळाला. १९४५ सालीं त्यांनीं त्यावर निबंध लिहून ही टीका सुमारें १३५० ते १५५० या काळांतील ठरविली. ज्याला संस्कृत येत नाहीं, पण हातांत कसब आहे, अशा कारागिरासाठींच मराठी अर्थ लिहिला जातो, असें मला वाटतें.

गंगाधर सहा क्रिया सांगतो: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. द्रव्य रसांत भिजविणें, शिजविणें, धुरी देणें, फुलांनीं वासविणें, अशी ही कृति. उटणें, मुखवास, सुगंधी जल व धूप हे निरनिराळे प्रकार त्यांतूनच होतात.

वापरण्याचें मर्मही द्रव्यांतच आहे. मद्यार्कांतील सुवास चटकन् दरवळतो व चटकन् उडतो. चंदनतेलांत उतरविलेलें अत्तर अंगाच्या उष्णतेनें सावकाश फुलतें. म्हणून मनगटास एक बोट किंवा कानांत एक फाया पुरे. जवळ आलेल्यास सुगंध जाणवावा, दूरच्यास नव्हे.

आमच्या सिंधुदुर्गांत हें शास्त्र परकें नाहीं. वेंगुर्ले तालुक्यांतील आसोलीकडे फांद्यांना चिकटून येणारी सुरंगी बहरली कीं तिचे वळेसर होतात, आणि वाळविलेल्या कळ्या अत्तरासाठीं बाहेर जातात. फूल आपलें, कष्ट आपले. अर्क मात्र दुसऱ्याचा!

त्या एकाच पोथीवरून १९८९ सालीं बडोद्याहून हे दोन्ही ग्रंथ छापले गेले. ती पोथी वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडती, तर मराठींत गंधशास्त्र होतें हेंही कोणास कळलें नसतें. कोंकणच्या दमट माळ्यांवर अजून कित्येक रुमाल बांधलेले पडून असतील. श्रोतेहो, ते चुलींत घालण्यापूर्वीं एकदां तरी जाणत्यास दाखवा.